गिरणीवरच्या मिशा

पास्काली आम्सीला माणसांची किळस यायची. साधीसुधी नाही, पोटातून ढवळून येणारी. अठ्ठावीस वर्षं त्याने पाहुण्यांना गाडीत घालून पार्कातली जनावरं दाखवली, पण जनावराला त्याने नाक मुरडलेलं कुणी पाहिलं नाही. मेलेल्या रेड्याच्या पोटातून रक्ताने माखलेलं तरसाचं डोकं बाहेर यायचं, पाहुणे ‘ई’ करून तोंड फिरवायचे, आणि हा कौतुकाने सांगायचा, बघा, किती स्वच्छ खातंय, हाडसुद्धा मागे ठेवणार नाही. त्याच पाहुण्यांपैकी कुणी डब्यातली कोंबडीची तंगडी अर्धी खाऊन खिडकीतून भिरकावली, की मात्र याचा चेहरा असा व्हायचा की कुणी त्याच्या ताटात थुंकलंय.

आमच्या करातू गावात दर तिसऱ्या घरात एक ड्रायव्हर सापडतो. शेतात मका नीट आला नाही की पोरगं गाडीवर जातं, ही रीतच आहे. पास्कालीही तसाच गेला. एकोणिसाव्या वर्षी पंक्चरच्या दुकानात, तिथून तंबूवाल्या सहलींबरोबर भांडी घासायला, मग स्वयंपाकाला, मग परीक्षा देऊन गाडीवर. पण बाकीचे गाडी चालवायला शिकले, हा बघायला शिकला. हरणांचा कळप एकाच दिशेला तोंड करून का उभा आहे, गिधाड उतरतंय की नुसतं घिरट्या घालतंय, एवढ्यावरून तो सांगायचा की टेकाडापलीकडे काय चाललंय. त्याच्याएवढं बघणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता, आणि हे सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं.

पाहुण्यांत त्याला कशाकशाची शिसारी यायची ते विचारू नका. ऊन लागू नये म्हणून अंगाला फासलेल्या त्या पांढऱ्या मलमाच्या वासाची. झोपलेल्या सिंहिणीला उठवायला शिट्ट्या मारणाऱ्यांची. सकाळी गाडीत बसल्या बसल्या ‘आज शिकार बघायला मिळेल ना?’ असं विचारणाऱ्यांची तर फारच; जणू हरिण यांच्यासाठी वेळ ठरवून मरणार आहे. झुडपामागे जाऊन आले की मागे पांढरे कागद फडफडत. एवढा हत्ती, ढीगभर शेण टाकतो, पण त्याने कधी झाडाला कागद लटकवलेत का, असं तो बायकोला विचारायचा, आणि तेही जेवताना.

बायको मार्सेलिना. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोलणं खोटंही नसायचं. माणसांचा एवढा वीट आलाय तर कोंबड्या पाळा, म्हणायची. तो म्हणायचा, पाळतो की, पण अंडी घ्यायला माणसंच येणार ना. यावर ती कपाळाला हात लावायची आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव मका-घेवडा वाढायची.

पण पाहुणे परवडले असं वाटावं इतकी चीड त्याला आपल्याच लोकांची यायची. नवे ड्रायव्हर. सिंहाला इतक्या जवळ गाडी लावायचे की तो बिचारा गाडीच्या सावलीत येऊन बसायचा आणि वर उघड्या छपरातून माणसं टाळ्या वाजवायची. रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही हा पार्कातला पहिला नियम. पण रक्षकाची गाडी दिसेनाशी झाली, की यांची चाकं गवतात. आणि स्वतःहून कुणी काही शोधायचं नाही. गाड्यागाड्यांत बोलायच्या रेडिओला कान लावून बसायचं, एकाला काही दिसलं की चाळीस गाड्या तिकडे.

आता रेडिओवर जनावराचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. पाहुण्यांना ‘सिंबा’ म्हणजे सिंह एवढं येतंच, ते विमानातच शिकून येतात. नाव कानावर पडलं की उठून उभे राहतात, आणि पोचेपर्यंत सिंह निघून गेला तर ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडतात. म्हणून सिंहाला म्हणायचं मिशा. बिबट्या म्हणजे वरचा, कारण तो झाडावर बसतो. गेंडा म्हणजे मंत्री, कारण त्याला धड दिसत नाही आणि हवा असतो तेव्हा सापडत नाही. चित्त्याला म्हणायचं मास्तरीण: अंगाने काटकुळी, मान ताठ, आणि डोळ्यांखाली दोन काळ्या रेघा, पोरांच्या वह्या तपासताना रडल्यासारख्या. जागांचंही तसंच. अख्खं करातू गाव उचलून पार्कावर पसरलेलं होतं: बसस्टँड, दवाखाना, गिरणी, चर्चची विहीर. ‘दवाखान्यात मिशा, दोन, झोपलेल्या’ असं रेडिओवर आलं की पाहुण्यांना वाटायचं ड्रायव्हर घरच्या गोष्टी बोलतोय.

यंदा ही सगळी यादी कुणा पाहुण्याने इंटरनेटवर टाकली. मग हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी बसस्टँडजवळच्या चहाच्या दुकानात ड्रायव्हर जमले आणि जागांची नावं एकमेकांत फिरवून घेतली. जनावरांची तीच ठेवली, कारण ती सगळ्यांच्या तोंडात बसली होती. पास्काली गेला नाही. त्याचा सख्खा भाचा बोआय, पस्तिशीचा, स्वतःची गाडी चालवणारा, नवी यादी कागदावर लिहून संध्याकाळी घरी घेऊन आला. मामा एकदा वाचून ठेवा, म्हणाला. मामांनी कागद न बघताच घडी घातली.

“तुमचे पोरखेळ तुम्हीच खेळा,” पास्काली म्हणाला. “मला जनावर बघायला डोळे आहेत. तुमच्या गटारीत मी कान घालत नाही.”

बोआयने मामीकडे पाहिलं. मामीने डोळ्यांनीच जाऊ दे म्हटलं, आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. कागद गाडीत गेला, काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागे. रेडिओ पास्कालीने हंगामभर बंद ठेवायचं ठरवलं, आणि ठेवला.

तशातच त्याला एक चित्ती सापडली. पूर्वेच्या अंगाला गवताळ माळावर तीन खडकाळ टेकाडं आहेत, शेजारीशेजारी. तिकडे सहसा कुणी जात नाही, कारण रस्ता खराब आणि सिंह नाही. मधल्या टेकाडाच्या कपारीत तिने चार पिल्लं ठेवली होती, जेमतेम दोन महिन्यांची, पाठीवर राखाडी केस उभे राहिलेली. पास्काली तिला ओळखत होता, तिच्या आईलाही ओळखत होता. गेल्या वर्षी तिची तीन पिल्लं एका आठवड्यात गेली होती, उपासमारीने. चित्त्याचं दुखणं हेच. सिंह रात्री मारतो, ही भरदिवसा मारते, आणि दिवस गाड्यांचा. ती दबत दबत हरणाजवळ पोचते, तेवढ्यात कुणीतरी चांगला फोटो मिळावा म्हणून गाडी मधे घालतो, हरिण उधळतं, आणि हिची ताकद फुकट जाते. अशी चार-पाच वेळा फुकट गेली की दूध आटतं.

या वेळी पोरं जगली पाहिजेत, असं त्याने मनाशी धरलं. कुणाला सांगितलं नाही. मार्सेलिनाला सांगितलं, कारण तिला सांगितलेलं पार्कात जात नाही. पाहुणे घेऊन तो आडवाटेने जायचा, लांब रस्त्यावरच थांबायचा, दुर्बीण द्यायचा. पाहुणे कुरकुरायचे, जवळ चला म्हणायचे. तो म्हणायचा, ती तुमच्या लग्नाला आलेली नाही. तरी एकदोन गाड्या चुकूनमाकून तिकडे फिरकल्या, आणि दोन वेळा तिची शिकार हुकलीच. त्या बुधवारी तिने खाऊन पाच दिवस झाले होते. मागच्या मांड्या आत गेल्या होत्या, आणि एक पिल्लू बाकीच्यांपेक्षा हळू चालायला लागलं होतं.

बुधवारी त्याच्या गाडीत हालवोर्सेन नावाचं एक नवराबायकोचं जोडपं होतं, दोघंही निवृत्त, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातलं. माणसं वाईट नव्हती. मलमाचा वास होता, पण गप्प बसत होती, आणि पास्कालीला एवढं पुष्कळ होतं. आठ वाजता तो टेकाडांपाशी पोचला तेव्हा चित्ती कपार सोडून निघाली होती. पिल्लं खडकावर ठेवून ती गवतात उतरली. पुढे हरणांचा लहानसा कळप, आणि त्यातलं एक बाजूला एकटं चरणारं. वारा तिच्या तोंडावर. सगळं जुळून आलं होतं. हळूहळू, पोट जमिनीला लावून ती सरकू लागली. पास्कालीने इंजिन बंद केलं आणि पाहुण्यांना खुणेने सांगितलं, हलू नका.

आणि त्याला दक्षिणेच्या उंचवट्यावर धूळ दिसली. दोन गाड्या. अजून लांब होत्या, पण तोंड इकडेच होतं. दहा मिनिटं, फार तर बारा.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. पाच दिवसांची उपाशी आई, आणि हे येणार फोटो काढायला. त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रेडिओ लावला, बोलायचं बटण दाबलं आणि खोटं बोलला.

“पास्काली बोलतोय. गिरणीवर मिशा. चार, झाडावर चढलेल्या. पिल्लं पण आहेत.”

गिरणी म्हणजे पश्चिमेच्या नदीकाठचं मोठं उंबराचं झाड. वीस वर्षं गिरणी म्हणजे तेच. इथून तिथे जायला तास लागतो, आणि जाऊन, शोधून, शिव्या घालून परत यायला अर्धा दिवस. झाडावरचे सिंह, तेही पिल्लांसकट, म्हटल्यावर कोण थांबतोय.

 रेडिओवर एकदम कालवा झाला. मामा बोलले! मामांचा रेडिओ चालू आहे! हंगामातून पहिल्यांदा, आणि तेही मामा, जे कधी थापा मारत नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर निम्मे आले असते, निम्म्यांनी विचार केला असता. पास्कालीचं नाव ऐकल्यावर कुणी विचार केला नाही. उंचवट्यावरच्या दोन गाड्या थांबलेल्या त्याला दिसल्या, आणि त्याने सुस्कारा सोडला. चला, फिरल्या.

त्या फिरल्या नाहीत. उलट जोरात निघाल्या, सरळ त्याच्याकडे. मग उत्तरेला धूळ दिसली. मग मागे. बघता बघता माळावर चारी बाजूंनी धुळीच्या रेघा उठल्या, आणि सगळ्यांची टोकं या तीन टेकाडांकडे.

त्याने झडपेमागचा कागद ओढून काढला. बोआयचं अक्षर सुबक आहे, शाळेपासून. सातव्या ओळीवर लिहिलं होतं: गिरणी, पूर्वेची तीन टेकाडं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पास्कालीने पुन्हा बटण दाबलं, आणि ओरडून सांगितलं, परत जा, इथे काही नाही, मी चुकलो. रेडिओवर हशा पिकला. झालं, म्हणे, मामांनी दाखवलं आणि आता परत घेतायत. सवय कुठे जाते. एकटे एकटे बघायचंय त्यांना. अठ्ठावीस वर्षं जो माणूस आपलं जनावर लपवत आला, त्याचं ‘येऊ नका’ कोण ऐकणार? ‘या’ म्हटलेलं ऐकलं, तेच खूप झालं.

चित्ती हरणापासून साठ पावलांवर पोचली होती. तिने मागचे पाय गोळा केले होते. पहिली गाडी टेकाडाला वळसा घालून आली आणि हरणं उधळली. ती धावलीही नाही. उठून उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिल्लांकडे परत निघाली. तोवर गाड्या मधे आल्या होत्या.

सिंह शोधायला आले होते ते. झाड नाही, मिशा नाहीत, म्हणून टेकाडाभोवती घिरट्या घालू लागले, आणि कुणाला तरी खडकावर पिल्लं दिसली. मास्तरीण, चार पोरांसकट, असं रेडिओवर गेलं, आणि मग रस्ता, नियम, गवत, कुणाला कशाचं भान राहिलं नाही. तेवीस गाड्या. पास्कालीने आपली गाडी आडवी घातली, तर त्याच्या दोन्ही बाजूंनी गेल्या. छपरांतून माणसं उभी, हातात फोन, कुणी कुणाला सरक म्हणतंय, कुणी पिल्लांना चुकचुक करून बोलावतंय. हालवोर्सेनसुद्धा सीटवर उभे राहून फोटो घेत होते. त्यांना तरी काय बोलणार? गाड्यांच्या त्या कड्यात सगळ्यात आधी लागलेली गाडी पास्कालीचीच होती.

एक गाडी खडकाला अगदी भिडली तेव्हा पिल्लं फुटून पळाली. तीन डावीकडे, खालच्या कपारीकडे. चौथं, ते हळू चालणारं, उजवीकडे उंच गवतात घुसलं. पास्कालीने ते पाहिलं. मग चित्ती डावीकडे जाताना दिसली म्हणून मागच्या गाड्या तिला समोरून गाठायला निघाल्या, आणि उजवीकडच्या गवतातून गेल्या. एकामागून एक नऊ. त्याने मोजल्या, कारण डोळे मिटता येईनात. कुठल्या चाकाखाली काही आलं का, ते कुणाला कळलं नसतं. त्या मोठ्या टायरांना दगडसुद्धा लागत नाही.

तासाभराने ऊन चढलं, पाहुण्यांना भुका लागल्या, आणि गाड्या पांगल्या. जाता जाता बोआयने आपली गाडी मामाच्या खिडकीशी आणली. तोंडभर हसत होता. कागदाच्या पुडीतल्या दोन गोड वड्या त्याने मामांपुढे धरल्या.

“मिशांचं काय ते राहू द्या, मामा. पण हिला तुम्ही दाखवलंत, हे मोठं झालं,” तो म्हणाला. “सगळे म्हणतायत, पास्कालीमामा आज माणसांत आले.”

पास्कालीला वाटलं, याच्या थोबाडीत मारावी. मग वाटलं, कशाबद्दल? याने तर कागद लिहून घरी आणून दिला होता. इतकी वर्षं जी मळमळ तो दुसऱ्यांकडे बघून पोटात धरत होता, ती आता वर आली आणि तिला बाहेर कुणी सापडेना. गाडीत, सीटवर, या हातांत, या तोंडात, सगळीकडे तोच होता. बोआयने वड्या पुढे धरून ठेवल्या होत्या. पास्कालीने एक घेतली, आणि भाचा गेल्यावर खिडकीतून टाकून दिली.

हालवोर्सेनबाईंनी विचारलं, आपणही निघायचं का. तो म्हणाला, तुमची हरकत नसेल तर थांबू. त्यांची हरकत नव्हती. डबे उघडले, अंडी खाल्ली, सालं नीट पिशवीत ठेवली. धूळ बसली. माळावर परत शांतता झाली, आणि मग तो आवाज सुरू झाला. बारीक, उंच, तुटक, पुन्हा पुन्हा. चिव्, चिव्, चिव्. नवराबायको ऐकत राहिले. बाईंनी फोन काढून तो आवाज भरून घ्यायला सुरुवात केली, आणि हळूच विचारलं, हा कुठला पक्षी, किती गोड बोलतोय.

“पक्षी नाही,” पास्काली म्हणाला. “ती चित्ती आहे. पिल्लांना बोलावतेय.”

बाईंनी फोन खाली ठेवला. एक पिल्लू कपारीतून आलं. मग दुसरं. दुपारी दोनच्या सुमाराला तिसरं. तिने त्यांना चाटलं, आडोशाला बसवलं, आणि स्वतः खडकावर चढून उजवीकडच्या गवताकडे तोंड करून पुन्हा सुरू झाली. गवतात नऊ गाड्यांनी पाडलेल्या वाटा होत्या. पास्काली दुर्बीण लावून त्या एकेक करून बघत होता. उतरून शोधायला जाता येत नव्हतं. गेला असता तर उरलेली तिघंही पळाली असती.

हालवोर्सेन म्हणाले, एवढ्या गाड्या आल्या हे फार वाईट झालं. कुणी बोलावल्या त्या? पास्कालीला काहीही सांगता आलं असतं. रेडिओवरचं त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, कळू नये म्हणूनच तर ती भाषा.

“मी बोलावल्या,” तो म्हणाला. “ती इथे आहे हे लपवायला खोटं बोललो, आणि जागेचं नाव चुकलं.”

 बाईंनी खडकाकडे बघत विचारलं, अशी किती वेळ बोलावते ती.

“पिल्लू येईपर्यंत.”

पार्काचं फाटक सहाला बंद व्हायचं. साडेचारपर्यंत तो थांबला, त्यापुढे थांबणं शक्य नव्हतं. त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि तो आवाज बंद झाला. म्हणजे यांना ऐकू यायचा बंद झाला. खडकावर तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, ते गाडी वळेपर्यंत दिसत होतं.